पावतीपुस्तकातली नावं

दिवाळी अंकाच्या संपादकाला श्रावणापासून दोन हिशेब सांभाळावे लागतात, लेखकांशी शब्दांचा आणि जाहिरातदारांशी पानांचा. मागचं कव्हर कुणाकडे गेलं, आतलं रंगीत पान अजून मोकळं आहे का, कोपऱ्यावरच्या सराफाने गेल्या वर्षीचे पैसे दिले का, हे सगळं कथा-कविता वाचता वाचता डोक्यात चालू असतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली. त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली, पण कुणाच्या दारात न जाता अंक काढणारा संपादक अजून आमच्या पाहण्यात नाही. त्यामुळे यंदाच्या विशेष विभागासाठी ‘छोट्या संस्था आणि त्यांचा पैसा’ हा विषय घेताना आपण परक्याच्या घरात डोकावतोय असं काही वाटलं नाही.

विषय सुचला तो एका कापडी पिशवीमुळे. आमच्या गावात एक अभ्यासिका आहे. ज्यांच्या घरात वही पसरायला कोपरा नाही अशा मुलांसाठी ती रात्री अकरापर्यंत उघडी असते. तिचे कार्यवाह निवृत्त शिक्षक आहेत. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. ऑगस्टमध्ये एका दुपारी ते कार्यालयात आले, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, “संपादकसाहेब, अंकात एक आवाहन छापाल का? मार्चच्या पुढे रेटणं कठीण दिसतंय.” पिशवीत काय आहे विचारलं, तर म्हणाले, “पावत्यांच्या स्थळप्रती. अकरा वर्षांच्या. आवाहनात देणगीदारांची नावं टाकावीत म्हटलं.”

आवाहन बाजूला राहिलं. आम्ही टेबलावरची प्रुफं सारली आणि ती पुस्तकं पसरली. कार्बनची निळी अक्षरं फिकी पडलेली, काही पानांना टाचणीचा गंज. किराणा दुकानदार, नर्सबाई, पहिल्या पगारातून पाचशे देणारा जुना विद्यार्थी, ‘एक हितचिंतक’. प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजूवर यादी करत गेलो. दिवेलागणीला लक्षात आलं ते असं, की बहुतेक नावं एकदाच येतात. पहिल्या दोन वर्षांची पुस्तकं जाडजूड आणि नंतरची पातळ. एका रिक्षावाल्याने पहिल्या वर्षी 51 रुपये दिले होते, दुसऱ्या वर्षी 101, आणि पुढे काही नाही. गुरुजींनी तिथूनच त्याला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, “गुरुजी, तुम्ही आलाच नाहीत. मला वाटलं अभ्यासिका बंद पडली.”

का गेले नाहीत? कारण तिसऱ्या वर्षी एक मोठी कंपनी आली.

कंपनी कायद्यानुसार 1 एप्रिल 2014 पासून ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. या ‘सीएसआर’च्या पैशाने खेड्यापाड्यांत चांगली कामं उभी राहिली, यात शंका नाही. पण या पैशाला स्वतःचं कॅलेंडर असतं. फेब्रुवारी उजाडला की फोन येतात, प्रस्ताव आठ दिवसांत हवा असतो आणि खर्च 31 मार्चच्या आत. अभ्यासिकेला हवा होता रात्री बसणारा एक माणूस आणि त्याचा पगार. कंपनीच्या यादीत पगार नव्हता, संगणक होते. गुरुजींनी ‘डिजिटल साक्षरता’ असा प्रस्ताव लिहिला. संगणक आले, फलक लागला, फोटो निघाले. वीजबिल दुप्पट झालं, दुरुस्तीला पैसे नव्हते आणि दोन वर्षांनी कंपनीचा अग्रक्रम बदलला. संगणक आजही तिथे आहेत, जुन्या चादरीखाली. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. इथे मात्र दुसऱ्याच्या अंथरुणाच्या मापाने स्वतःचे पाय कापून घेतले गेले. आणि या सगळ्या धावपळीत 101 रुपयेवाल्याकडे जायला कुणाला सवड उरली नाही.

हे नुसतं गुरुजींचं चुकलं असं नाही. मोठी रक्कम समोर आली की पावतीपुस्तक घेऊन हिंडणं कमीपणाचं वाटू लागतं. आपल्याकडच्या जुन्या संस्था उभ्या राहिल्या त्या नेमक्या या हिंडण्यावर.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा विकलं, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते आणि डोळ्यांत पाणी आणून तिथेच थांबतो. त्याच संस्थेचा मुष्टिफंड मात्र आपण विसरतो. घरातल्या बाईने रोजच्या धान्यातून एक मूठ वसतिगृहासाठी बाजूला काढायची, एवढीच ती योजना. त्यागाची थोरवी लक्ष्मीबाईंचीच, पण संस्थेच्या नियोजनाचा धडा मुठीत आहे. मंगळसूत्र एकदाच विकता येतं, मूठ रोज काढता येते. शिवाय जिच्या घरातून मूठ जाते, ती बाई त्या वसतिगृहाला आपलं म्हणते.

अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडाचं तेच. माणशी एक पैसा मागत लोक फिरले, लोकमान्यांनी ती कल्पना उचलून धरली आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ. सर विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावाने त्या विद्यापीठाला 15 लाखांची देणगी दिली ती 1920 साली. म्हणजे त्या एका मोठ्या देणगीच्या आधी चोवीस वर्षं मुख्यतः छोट्या वर्गण्यांची होती. आणि देणगी मिळाली म्हणून कर्वे घरी बसले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर 1929 मध्ये ते परदेशात निघाले, तेही विद्यापीठाचं काम सांगत आणि निधी गोळा करत.

यातून आम्ही एवढंच शिकलो, की संस्था ज्यांच्याकडून पैसे घेते त्यांनाच हळूहळू उत्तर देऊ लागते. एकाकडून घेतले तर एकाला. चारशे जणांकडून घेतले तर गावाला. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न म्हणूनच खजिनदारावर सोडून चालत नाही. आपण कुणाचे, हेच त्यात ठरत असतं.

‘नियोजन’ म्हटलं की छोट्या संस्थांच्या अंगावर काटा येतो. रंगीत तक्ते, प्रोजेक्टर, शहरातून आलेला सल्लागार. गुरुजींबरोबर आम्ही चार रविवार बसलो आणि एकाच पानावर भागवलं. पहिली ओळ, आपण कुणासाठी आहोत. दुसरी, पुढच्या पाच वर्षांत काय करणार. तिसऱ्या ओळीला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण तिथे काय करणार नाही ते लिहायचं होतं. संगणकवर्ग नाही, वधूवर मेळावा नाही, कुणी पैसे देतो म्हटलं तरी रुग्णवाहिका नाही. त्याखाली महिन्याचा खर्च, भाडं आणि रात्रीच्या माणसाचा पगार धरून. आणि शेवटी प्रत्येक खर्चासमोर तो कुठून येणार. नेहमीचा खर्च नेहमीच्या वर्गणीतून, कपाटं-टेबलं मोठ्या देणगीतून. कायम निधीच्या व्याजाला हात लावायचा, मुदलाला नाही. उन्हाळ्यात कितीही ओढाताण झाली तरी शेतकरी बियाण्याचं पोतं फोडत नाही, तसं.

कागदपत्रांचा कंटाळा हे अनेक संस्थांचं दुखणं आहे. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल कळवावा लागतो, ज्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. कित्येक ठिकाणी वारलेले विश्वस्त वर्षानुवर्षं कागदावर जिवंत असतात आणि बँकेत सही बदलायची वेळ आली की सगळं अडतं. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोखीने घेऊन उपयोग नाही, आणि 2021-22पासून देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरल्याशिवाय त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. हे वेळेवर करणाऱ्या संस्थेला दुसऱ्यांदा मागायला जाताना मान खाली घालावी लागत नाही.

आता थोडं देणाऱ्यांविषयी, म्हणजे तुमच्या-आमच्याविषयी. “पैसे थेट मुलांपर्यंत जातात ना?” हा आपला आवडता प्रश्न. रात्री अकरापर्यंत जागून दार उघडं ठेवणाऱ्या माणसाचा पगार हाच मुलांपर्यंत जाणारा पैसा असतो, हे मात्र आपल्याला पटत नाही. वाढदिवसाला वह्या वाटायला आपण तयार असतो, भाड्याला नाही. फलकावर नाव येईल अशा पंख्याला पैसे मिळतात, तो पंखा फिरवणाऱ्या विजेला मिळत नाहीत. छोट्या संस्थांना आपण कपडे शिवून देतो आणि जेवायचं विचारत नाही.

या अंकातल्या विशेष विभागात संस्था चालवणारे, हिशेब तपासणारे आणि देणगी देऊन पस्तावलेलेही लिहिते झाले आहेत. ते सगळे एकमेकांशी सहमत नाहीत, आणि तसंच असावं. नेहमीच्या कथा, कविता, व्यंगचित्रं आहेतच. लेखकांनी मानधनाची वाट पाहिली, चित्रकारांनी रात्री जागवल्या, आणि जाहिरातदारांनी मंदीचं गाऱ्हाणं गात का होईना पानं घेतली. सर्वांचे आभार.

गुरुजींचं आवाहन मात्र या अंकात नाही. प्रुफं छपाईला जायच्या आदल्या दिवशी ते आले आणि म्हणाले, “राहू द्या. यादी घेऊन हिंडतोय, दसऱ्यापर्यंत निम्मी घरं झाली.” मग पिशवीतून एक जुनं पुस्तक काढून त्यांनी खूण घातलेलं पान आमच्यासमोर धरलं. आठ वर्षांपूर्वीची तारीख, रक्कम 500 रुपये, आणि नाव या संपादकाचं. त्याच्या पुढच्या पुस्तकांत ते पुन्हा कुठेच नव्हतं. यादी करताना आणि नंतर चार रविवार शेजारी बसूनही आम्ही ते पाहिलं नव्हतं. गुरुजींनी पाहिलं होतं, आणि बोलायला शेवटचं घर म्हणून राखून ठेवलं होतं.

नवं पुस्तक उघडून त्यांनी कार्बन सरळ केला आणि पेनाचं टोपण काढलं. “बोला, किती लिहू?”

वाचकहो, या दिवाळीत तुमच्या दारातही कुणी पावतीपुस्तक घेऊन आलं, तर आत बोलवा, फराळ द्या आणि मागच्या वर्षी का आला नाहीत, एवढं जरूर विचारा.



— संपादक