बल वाढले, पण सत्त्वाचे काय?

बलवर्धन हा आयुर्वेदाचा जुना विषय आहे. अष्टांगांत रसायन आणि वाजीकरण यांना स्वतंत्र स्थान आहे. त्यामुळे बलाच्या नावाखाली आज तरुणांच्या शरीरात जे टोचले जाते, त्याविषयी वैद्यांनी मौन बाळगावे हे आम्हांस उचित वाटत नाही. येथे आम्हांस टेस्टोस्टेरॉन, नॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलॉल यांसारखी अ‍ॅनाबोलिक स्टिरॉइडे अभिप्रेत आहेत. दमा वा आमवातात दिली जाणारी कॉर्टिकोस्टिरॉइडे नव्हेत.

या द्रव्यांचे यकृत, हृदय आणि शुक्रवह स्रोतसावरील दुष्परिणाम सर्वज्ञात आहेत. मनावरील परिणाम मात्र दुर्लक्षित राहतात. झोप उडते, चिडचिड वाढते, क्षुल्लक कारणावरून हात उगारला जातो; तेव्हा चिंतित आई-वडील मुलाला वैद्याकडे आणतात. अशा वेळी केवळ पित्तप्रकोप मानून शमन चिकित्सा सुरू केली, तर मूळ हेतू तसाच राहतो.

अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. त्यात पुरुषांना टेस्टोस्टेरॉनची मात्रा वाढवीत आठवड्याला ६०० मिलिग्रॅमपर्यंत देण्यात आली. ५० जणांपैकी ४२ जणांच्या मनःस्थितीत विशेष फरक पडला नाही. ६ जणांत सौम्य व २ जणांत तीव्र उन्मादसदृश अवस्था दिसली. म्हणजे प्रत्येकाचा स्वभाव बदलतोच असे नाही. पण ज्याचा बदलेल, त्याला आधी ओळखता येत नाही. शिवाय हा प्रयोग देखरेखीखाली झालेला होता. शरीरसौष्ठवासाठी याहून मोठ्या मात्रा, तीही दोन-तीन द्रव्ये एकत्र करून, घेतल्या जातात.

औषध बंद केल्यावरचा काळ अधिक धोक्याचा असतो. बाहेरून हार्मोन मिळत असताना पोषग्रंथीचे संदेश थांबतात आणि वृषणांचे कार्य मंदावते. ते पूर्ववत होण्यास आठवडे, कधी महिनेही लागतात. त्या काळात उत्साहहानी, कामेच्छेचा ऱ्हास, विषाद आणि क्वचित आत्महत्येचे विचारही उद्भवतात. तो विषाद सहन न होऊन तरुण पुन्हा त्याच इंजेक्शनकडे वळतो. धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशातून घडणाऱ्या कर्मास चरकाचार्यांनी प्रज्ञापराध म्हटले. या चक्रास आम्हांस दुसरे नाव सुचत नाही.

यात आपल्या शास्त्राच्या प्रतिष्ठेचाही प्रश्न आहे. २०११ साली भारतीय महिला रिले धावपटूंच्या नमुन्यांत मेथँडिएनोन आढळले, तेव्हा प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून ते शरीरात गेले, असा बचाव मांडण्यात आला. २०१२ साली क्रीडा लवादाने त्यांना दोन वर्षांची बंदी ठोठावली. वनस्पतीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या डब्यात काय आहे, हे वैद्याला आणि विक्रेत्याला ठाऊक नसेल, तर अश्वगंधा आणि शतावरीवरील विश्वासही एक दिवस ओसरेल.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. निद्रानाश, क्रोध वा विषाद घेऊन आलेल्या तरुणास व्यायाम, पावडर, गोळ्या आणि इंजेक्शन यांविषयी अवश्य विचारावे. शक्यतो पालकांना बाहेर बसवून आणि दोषारोप न करता. स्टिरॉइडे चालू असल्याचे कळल्यास केवळ 'बंद कर' असे सांगून त्याला घरी पाठवू नये. मनोविकारतज्ज्ञ व अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. आत्मघाताचा विचार बोलून दाखविल्यास एक दिवसाचाही विलंब नको. औषधालयांच्या चालकांनी ध्यानात ठेवावे की, ही द्रव्ये शेड्यूल एच मध्ये मोडतात आणि चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री हा कायद्याचा भंग आहे. उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि घटकद्रव्ये स्पष्ट नसलेला 'मांसवर्धक' डबा फळीवर ठेवूच नये.

देहबळाबरोबर सत्त्वबळही राखावे, ही आपल्या शास्त्राची शिकवण आहे. दंड भरले आणि घर भयभीत झाले, तर त्यास बल म्हणता येणार नाही.