नक्कल आणि पाठशुद्धि

अनुकरणानें विद्या येते कीं जाते, हा वाद जुना आहे. कित्ता गिरविल्यावांचून कोणाचें अक्षर वळणदार झालें नाहीं, आणि जन्मभर कित्ताच गिरवीत बसलेल्यास कोणीं लेखक म्हटलें नाहीं. हा विषय या महिन्यांत घेण्याचें निमित्त मात्र थोडें नवलाचें आहे. हल्लीं एखाद्या सुशिक्षित घरांतील तरुण गिटारसाठीं व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक घरींच बनवावयास घेतो; आणि तोहि स्वतःच्या कल्पनेनें नव्हे, तर परदेशांतील एखाद्या नामांकित कारागिराच्या यंत्राबरहुकूम. वडील मंडळींचे त्यावर दोन आक्षेप असतात. हा जिवाशीं खेळ आहे, हा पहिला. आणि ही दुसऱ्याच्या विद्येची चोरी आहे, हा दुसरा. पहिल्या आक्षेपांत पुष्कळ तथ्य आहे, दुसऱ्यांत थोडें आहे. दोहोंचाहि विचार शांतपणें व्हावा, एवढाच आमचा हेतु.

व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात केलेली कांचेची नळी. आंतील तार तापली कीं ऋणाग्रापासून विद्युत्कण सुटतात व धन प्लेटकडे धांवतात. १९०४ सालीं फ्लेमिंग यांनीं अशी नळी सिद्ध केली, आणि १९०६ सालीं डी फॉरेस्ट यांनीं मध्यें एक जाळी बसविली. जाळीवर आलेला क्षीण संकेत प्लेटकडील मोठ्या प्रवाहास नाचवितो. ध्वनि वाढविण्याची सारी किमया ती एवढीच. आमच्या कळंबास चिंतामणीच्या दर्शनास येणारांपैकीं जे आमच्या वयाचे आहेत, त्यांस उत्सवाच्या मांडवांतील, आंत तांबूस दिवे मिणमिणणाऱ्या त्या जड पेट्या आठवत असतील. पुढें ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्व्ह अडगळींत गेला. गिटार वाजविणारांनीं मात्र त्यास सोडलें नाहीं.

याचें कारण ऐकण्यासारखें आहे. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी घांसून जवारी काढतो आणि वादक तारेखालीं दोरा सरकवून ती लावतो, तेव्हां मूळ स्वरांत दडलेले उपस्वर जागे होतात व नाद भरीव होतो. व्हॉल्व्ह याहून एक पाऊल पुढें जातो. शक्तीबाहेर जोर दिला असतां तो स्वर एकाएकीं तोडीत नाहीं. त्याचीं टोंकें गोलावतो आणि आपले उपस्वर त्यांत मिसळतो. म्हणून हा ध्वनिवर्धक केवळ आवाज मोठा करणारें यंत्र नसून वाद्याचाच एक अवयव होऊन बसला आहे.

आतां चोरीचा प्रश्न. कॅलिफोर्नियांतील फेंडर यांच्या कारखान्यांत १९५८ ते १९६० या काळांत ‘बॅसमन’ नांवाच्या ध्वनिवर्धकाचा एक प्रकार बनत असे. लंडनमधील जिम मार्शल यांच्या दुकानांतील केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांनीं तो समोर ठेवून १९६२ सालीं आपला ध्वनिवर्धक तयार केला. आराखडा जवळ जवळ तोच. पण व्हॉल्व्ह, ट्रान्स्फॉर्मर व स्पीकर तेथें मिळाले ते घातले. फेंडरच्या यंत्रांत दहा इंची चार स्पीकर पाठीमागें उघड्या पेटींत असत, मार्शलनें बारा इंची स्पीकर बंद पेटींत बसविले. एवढ्यानें नाद पालटला, आणि त्या नादावर पाश्चात्य संगीताचा एक संप्रदाय उभा राहिला. मार्शल यांस आज कोणी चोर म्हणत नाहीं. स्वतः फेंडर यांनींहि व्हॉल्व्ह बनविणाऱ्या कंपन्यांनीं छापलेल्या नमुन्यांचा आधार घेतलाच होता.

पुढें कांहीं एकांडे कारागीर निघाले. ते एकेक यंत्र हातानें बनवीत आणि वादकाच्या बोटांस जुळेपर्यंत लावीत. न्यू जर्सींतील केन फिशर आपल्या यंत्रांस अनुक्रमांक न देतां स्त्रियांचीं नांवें देत. ते २००६ सालीं वारले. कॅलिफोर्नियांतील अलेक्झांडर डंबल २०२२ सालीं निवर्तले. डंबल यांच्या एकेका यंत्रास आज एक लाख डॉलरांहून अधिक किंमत येते. आपली विद्या कोणी उतरून घेऊं नये म्हणून ते आंतील भागांवर घट्ट लुकणाचा थर ओतीत. पण दुरुस्तीसाठीं कोणी तरी तो खरवडलाच. जें दिसलें तें त्यानें कागदावर उतरविलें, त्यावरून दुसऱ्यानें, दुसऱ्यावरून तिसऱ्यानें. आज घरोघरीं बनणारीं यंत्रें या कागदांवरून बनतात.

ज्यांनीं पोथ्या हाताळल्या आहेत त्यांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. एका लेखकानें ‘प’ च्या जागीं ‘य’ लिहिला, पुढच्यानें तोच उतरला, आणि पांचव्या प्रतीपर्यंत अर्थाचा अनर्थ झाला. आराखड्यांतहि तेंच होतें. पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटपाशीं एक लाख ओहमचा रेझिस्टर हवा, तेथें एका शून्याच्या चुकीनें दहा लाखांचा पडला, तर व्हॉल्व्ह उपाशीं राहतो आणि स्वर मरगळतो. बिचारा मुलगा महिनाभर आपल्या जोडणींत दोष शोधीत बसतो. दोष असतो पाठांत.

यावर उपाय कोणता? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें, तें १९६६ सालीं पुरें झालें. त्यासाठीं १२५९ हस्तलिखितें ताडून पाहिलीं गेलीं. विष्णु सीताराम सुकथनकर व त्यांचे सहकारी यांनीं केवळ बहुमतानें पाठ ठरविला नाहीं. कोणती प्रत कोणत्या कुळांतील, हें लावून मग निर्णय केला. त्या पंडितांस कोणी नक्कलनवीस म्हणेल काय? आमच्या तरुणानेंहि हाच मार्ग धरावा. दोन-चार आराखडे शेजारीं मांडावे, जेथें पाठभेद दिसेल तेथें थांबावें, आणि कोणता आंकडा शास्त्रास धरून आहे हें गणितानें ताडावें.

एक उदाहरण देतों. पहिल्या व्हॉल्व्हच्या ऋणाग्राशीं फेंडरच्या आराखड्यांत २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर दिसतो, तर मार्शलच्या पुढील कांहीं यंत्रांत ०.६८ चा. ही हस्तदोषाची चूक आहे काय? मुळींच नाहीं. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ८२ कंपनें पावते. ०.६८ चा कंडेन्सर व २७०० ओहमचा रेझिस्टर यांचें गणित केल्यास ८७ कंपनें येतात. म्हणजे त्या खालच्या टापूंत स्वर मुद्दाम हलका केला आहे, जेणेंकरून जोरांत वाजवितांना खर्ज घोंटाळूं नये. पहिला पाठ भरदार स्वरासाठीं, दुसरा स्वच्छ स्वरासाठीं, दोन्ही शुद्ध. हें ज्यास कळलें त्याची नक्कल ही नक्कल राहिली नाहीं.

शिवाय प्रत करावयाची तीहि देशकाल पाहून. अमेरिकेंतील वीज १२० व्होल्ट व ६० आवर्तनांची, आपली २३० व्होल्ट व ५० आवर्तनांची. साठांसाठीं बेतानें केलेला ट्रान्स्फॉर्मर पन्नासांवर तापतो. त्यास लोखंड अधिक लागतें. शेवटच्या व्हॉल्व्हचा प्रवाहहि कागदावरून घेऊन चालत नाहीं. ६एल६जीसी या व्हॉल्व्हची प्लेट ३० वॅट सोसते. तिला सत्तर टक्के, म्हणजे २१ वॅट द्यावे, असा प्रघात आहे. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर एकेका व्हॉल्व्हचा प्रवाह सुमारें ४७ मिलिअँपिअर येतो. लहान गांवीं रात्रीं भार उतरला कीं विजेचा दाब चढतो, आणि त्याबरोबर हे सारे आंकडेहि चढतात. म्हणून मोजमाप दुपारीं एकदां व रात्रीं एकदां करावें.

मुंबईच्या वादकांनीं हा धडा पूर्वींच गिरविला आहे. १९६० ते १९८० या काळांत आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळें परदेशी ध्वनिवर्धक मिळणें दुरापास्त होतें, आणि येथेंच बनलेल्या यंत्रांवर पुष्कळांस भागवावें लागे. लॅमिंग्टन रोडवरील दुकानें हें सुट्या भागांचें माहेरघर, आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे देशी व्हॉल्व्ह त्या वेळीं निघत असत. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथून येतात.

आतां जिवाच्या धोक्याविषयीं. येथें आम्ही वडील मंडळींच्या बाजूस आहों. घरांतील वीज २३० व्होल्टांची, पण या पेटींत ४०० ते ४५० व्होल्ट असतात. त्याहून वाईट म्हणजे बटण बंद करून तार भिंतींतून काढली तरी मोठ्या कंडेन्सरांत तो दाब कित्येक वेळ टिकून राहतो. यंत्र निजलेलें दिसतें, पण मेलेलें नसतें. म्हणून हात घालण्यापूर्वीं योग्य रेझिस्टर लावून साठा उतरवावा, आणि तो उतरला हें मीटरनें पाहिल्यावांचून मानूं नये. चालू यंत्रांत मोजतांना एक हात पाठीमागें ठेवावा, म्हणजे प्रवाहास छातींतून वाट मिळत नाहीं. पेटीच्या पत्र्यास अर्थिंगची तार पक्की जोडावी. स्पीकर जोडल्यावांचून यंत्र कधींहि वाजवूं नये, ट्रान्स्फॉर्मर जळतो.

घरांतील कर्त्या मंडळींस आमची सूचना अशी कीं, सरसकट बंदी करूं नये. बंदीनें मुलगा तें काम सोडीत नाहीं. सर्व निजल्यावर माळ्यावर बसून एकटा करतो, आणि खरा अपघात एकटेपणांतच होतो. त्यापेक्षां काम ओटीवर, दिवसाउजेडीं, कोणी तरी मोठें माणूस मुख्य खटक्यापाशीं बसलें असतां व्हावें. काकांस किंवा आजोबांस व्हॉल्व्हचें ज्ञान असण्याची गरज नाहीं. हांक येतांच खटका पाडावयाचा, आणि आधीं वीज बंद केल्यावांचून मुलास हात लावावयाचा नाहीं, एवढें ठाऊक असलें कीं पुरे. ‘हा भाग येथें कां?’ असें मात्र त्यांनीं अधूनमधून विचारावें. उत्तर आलें तर अभ्यास चालला आहे. ‘कागदावर तसें आहे’ एवढेंच उत्तर आलें, तर त्या दिवसापुरतें काम थांबवावें.

चोरीच्या आक्षेपांतील जें थोडें तथ्य आहे, तें नांवासंबंधीं आहे. आपल्याकडे पेटंटाची मुदत वीस वर्षांची, आणि हे मूळ आराखडे त्याहून कितीतरी जुने आहेत. ते अभ्यासावे, उतरावे, सुधारावे. पण कारागिराचें नांव व चिन्ह हें त्याचेंच. घरीं बनविलेल्या पेटीवर डंबल यांची पाटी लावून ती विकणें ही प्रत नव्हे, ती लबाडी होय. जुने लेखक पोथीच्या शेवटीं ग्रंथकर्त्याचें नांव वेगळें, आपलें वेगळें, आणि शक व तिथि देऊन प्रत पुरी करीत. पेटीच्या आंतल्या बाजूस तशाच तीन ओळी असाव्या: मूळ कोणाचें, प्रत कोणाची, आणि कोणता आंकडा कोणत्या कारणानें बदलला. पुढें कोणी ती पेटी दुरुस्तीस उघडील, त्यास आमच्या मुलाचा हात कोठें फिरला हें कळेल, आणि त्याचा पाठ त्यास तपासतांहि येईल.