भाकरी घालता, तशी लसही टोचून घ्या

दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, खंडोबाबरोबरही कुत्रा असतो. त्यामुळे दारी आलेल्या कुत्र्याला आपल्याकडे सहसा कोणी उपाशी हाकलत नाही. बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, कोणत्याही गावातील गल्ली पाहा; घरच्या उरलेल्या भाकरीवर एखादा कुत्रा पोसलेला असतोच. तो रात्री राखण करतो, घरातील मुले त्याला नावाने हाक मारतात. परंतु हाच कुत्रा शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पोटरीला चावला, की घरमालकाचे उत्तर ठरलेले असते, "तो कुठे आमचा आहे? गल्लीतलाच आहे!" राखणीपुरता आपला आणि चावल्यावर गावाचा, असा हा प्रकार आहे.

नुसत्या जखमेचा प्रश्न असता, तर ती आठवडाभरात भरूनही आली असती. खरी भीती रेबीजची आहे. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२-२३ मध्ये १५ राज्यांत केलेल्या पाहणीनुसार देशात दरवर्षी सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५,७०० माणसे रेबीजने दगावतात. चावणाऱ्या प्राण्यांत चारपैकी तीन कुत्रेच असतात.

मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त नगरपालिकेने केलाच पाहिजे. निर्बीजीकरण व लसीकरण करण्याचे नियम २००१ साली झाले, २०२३ मध्ये ते नव्याने आले. सर्वोच्च न्यायालयानेही ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणांहून मोकाट कुत्री हटविण्याचा आदेश दिला. पण नगरपालिकेकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. ज्याच्या ओट्यावर कुत्रा रोज भाकरी खातो, त्यानेच स्वतःला त्याचा मालक समजावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मालकाचे काम फार अवघड नाही. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचावी. पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा आणि नंतर दरवर्षी द्यावा. गळ्यात पट्टा असावा. रस्त्यावर नेताना साखळी मोठ्या माणसाच्या हातात असावी, लहान मुलाच्या नव्हे. पिल्ले नको असतील तर शस्त्रक्रिया करून घ्यावी. पिल्ले पोत्यात घालून गावाबाहेर सोडल्याने मोकाट कुत्री वाढतात. कुत्र्याला चोवीस तास बांधून ठेवणेही बरे नाही, तो चिडखोर बनतो. आणि "आमचा चावत नाही" या भरवशावर पाहुण्यांच्या किंवा पोस्टमनच्या अंगावर त्याला जाऊ देऊ नये.

कायदाही या बाबतीत मुका नाही. आपल्या ताब्यातील जनावरापासून दुसऱ्याला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मुलांनाही चार गोष्टी शिकवाव्यात. खाणाऱ्या, झोपलेल्या वा पिल्लांजवळ बसलेल्या कुत्र्याच्या वाटेला जाऊ नये. भाद्रपदानंतर दोनेक महिन्यांनी ठिकठिकाणी कुत्री वितात. त्या दिवसांत पिल्लांची आई जवळ आलेल्यावर धावून जाते, हे विशेष ध्यानात ठेवावे. कुत्रा अंगावर आला तर पळू नये, ओरडू नये. हात अंगाशी धरून, त्याच्या डोळ्यांत न पाहता स्थिर उभे राहावे. खाली पडलोच तर अंग आखडून मान व चेहरा हातांनी झाकावा.

एवढे करूनही कुत्रा चावलाच, तर जखमेवर तिखट, हळद, चुना काहीही लावू नये. मांत्रिकाकडे जाण्यात वेळ घालवू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ केव्हाच मागे पडला. आता दंडावर चार किंवा पाच वेळा लस घ्यावी लागते आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. जखमेतून रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत व भोवताली रेबीजविरोधी सिरमही द्यावे लागते. कुत्रा घरचा असला, त्याला लस टोचलेली असली, तरी डॉक्टरांना दाखवावेच. बरे वाटले म्हणून मधले डोस चुकवू नयेत.

हे सारे आवाक्याबाहेरचे नाही. शेजारच्या गोव्यात घरच्या आणि भटक्या कुत्र्यांना दरवर्षी लस टोचण्यात आली, शाळांतून मुलांना शिकविण्यात आले. परिणामी २०१८ ते २०२० या तीन वर्षांत तेथे रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद झाली नाही. शंभरातील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तरी या रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्या ओट्यावरचा कुत्रा त्या सत्तरांत आहे का, हे वाचकांनी आजच पाहावे. लस टोचल्याचे कार्ड घरात नसेल, तर येत्या आठवड्यात त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.