दीर्घिकांची गंगाजळी

पेढी कितीही मोठी असली तरी तिची खरी स्थिती दर्शनी थाटावरून कळत नाही. ती कळते शिलकेवरून. विक्रीची वही तुडुंब भरलेली असावी आणि गोदामात मात्र पुढच्या महिन्यापुरताही माल नसावा, असे प्रसंग व्यापारी घराण्यांना अपरिचित नाहीत. विश्वातील दीर्घिकांच्या बाबतीत काहीसे असेच घडले होते, आणि त्या शिलकेचा हिशेब पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळील खोडद येथे लागला.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. आपली आकाशगंगा ही त्यांतलीच एक. तारा जन्मतो तो मुख्यतः हायड्रोजन वायूपासून, म्हणून हायड्रोजन हा दीर्घिकेचा कच्चा माल. सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी विश्वात ताऱ्यांचे उत्पादन ऐन भरात होते. आज ते त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उतरले आहे. प्रकाश टिपणाऱ्या दुर्बिणींनी ही घसरण बऱ्याच वर्षांपूर्वी नोंदविली होती. परंतु या दुर्बिणींना दिसतात ते तारे, म्हणजे तयार माल. थंड हायड्रोजन प्रकाशत नाही. त्यामुळे विक्री का मंदावली हे सांगणारी गोदामाची वहीच अभ्यासकांच्या हाती नव्हती.

ती वही रेडिओ लहरींत लिहिलेली असते. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडू शकेल, असे भाकीत १९४४ मध्ये हॉलंडच्या व्हान डी हुल्स्ट यांनी केले आणि १९५१ मध्ये हार्वर्ड येथे एवेन व पर्सेल यांनी ती प्रत्यक्ष टिपली. एकट्या अणूकडून ही लहर सरासरी एक कोटी वर्षांतून एखादीच निघते. दीर्घिकेत अणूंची संख्या अफाट, म्हणूनच काही हाती लागते. प्रसरणशील विश्वातून येताना लहर ताणली जाते. ८०० कोटी वर्षांपूर्वी निघालेली लहर आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हा तिची लांबी जवळपास दुप्पट झालेली असते आणि तिचा जोर तर नाममात्रच उरलेला असतो.

अशा दूरच्या हायड्रोजनचा वेध घेणे हा प्रा. गोविंद स्वरूप यांचा ध्यास होता. उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा येथे १९२९ मध्ये जन्मलेले स्वरूप अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९६३ मध्ये डॉ. होमी भाभा यांच्या बोलावण्यावरून मायदेशी परतले. १९७० मध्ये त्यांनी उटी येथे ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभी केली. खोडदच्या दुर्बिणीची कल्पना १९८४ ची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती प्रत्यक्षात आणली. तीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी, उरलेल्या १६ तीन भुजांवर, एकूण विस्तार सुमारे २५ किलोमीटर. सगळ्या एकाच वेळी एकाच दिशेला पाहतात आणि त्यांचे संकेत एकत्र केले जातात.

एवढ्या प्रचंड तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर खर्च आवाक्याबाहेर गेला असता, शिवाय वाऱ्याचा भार वेगळाच. स्वरूप यांनी पत्र्याऐवजी पोलादी तारेची बारीक जाळी दोरखंडांवर ताणून बसविली. जाळीची छिद्रे १० ते २० मिलिमीटरची. ज्या लहरी पकडावयाच्या त्या याहून कितीतरी लांब असल्याने त्यांना ही जाळी भिंतीसारखीच; वारा मात्र आरपार निघून जातो. काटकसर आणि कंजुषी यांतला फरक समजावून सांगताना हे उदाहरण खुशाल द्यावे.

तरीही ८०० कोटी वर्षांमागची एकेकटी दीर्घिका या दुर्बिणीला ऐकू येईना. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी मग बेरजेचा मार्ग धरला. हवाईच्या केक दुर्बिणीने ज्यांची जागा आणि अंतर आधीच निश्चित केले होते, अशा ७,६५३ दीर्घिकांकडे त्यांनी सुमारे १०० तास लक्ष दिले आणि सगळ्यांचे संकेत एकमेकांवर रचले. हजारो नोंदी रुपयांत पूर्ण करताना पैशांची चूक कधी वर जाते, कधी खाली; सरासरी काढली की ती जवळजवळ नाहीशी होते. येथेही यंत्रातला खरखराट परस्पर छेदला गेला, आणि जो प्रत्येकात थोडा थोडा पण एकाच बाजूचा होता तो खरा संकेत वर आला.

निष्पन्न झाले ते असे: त्या काळच्या सरासरी दीर्घिकेपाशी अणुरूप हायड्रोजन होता सुमारे १,२०० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाइतका, आणि ताऱ्यांसाठी त्याचा खप होता वर्षाला सुमारे ८ सूर्यांचा. भागाकार कोणीही करावा. गोदाम १५० कोटी वर्षांत रिकामे! आजच्या दीर्घिकांची शिल्लक त्यांच्या खपाच्या मानाने कितीतरी अधिक काळ पुरेल, कारण खपच मंदावला आहे. बाहेरून नव्या वायूची आवक खर्चाइतकी झाली नाही, गंगाजळी आटली आणि उत्पादन उतरले. हा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात १४ ऑक्टोबर २०२० रोजी प्रसिद्ध झाला. स्वरूप ७ सप्टेंबरला पुण्यात निवर्तले होते. त्यांचा हिशेब लागला, पण सही करावयास ते राहिले नाहीत.

आवक का थांबावी? मोठ्या दीर्घिकांपुरते एक कारण त्यांच्या केंद्रस्थानी बसलेले आहे. तेथील महाकाय कृष्णविवर वायू गिळत असताना प्रकाशाच्या वेगाला भिडणारे झोत बाहेर फेकते. झोतांनी भोवतालचा वायू तापतो, आणि तापलेला वायू आकुंचन पावून तारे घडवू शकत नाही. म्हणजे माल आहे, पण वापरता येत नाही, बुडीत कर्जासारखाच. भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेने ३९ कोटी प्रकाशवर्षांवर असलेल्या दीर्घिकासमूहात अशा झोताने उष्ण वायूत पाडलेली पोकळी २०२० मध्येच जाहीर झाली. क्ष-किरणांत तिची कडा आधी दिसली होती; मात्र आकार इतका अवाढव्य की स्फोटाची शक्यता अभ्यासकांनी बाजूला सारली होती. खोडद आणि ऑस्ट्रेलियातील रेडिओ दुर्बिणींनी ती पोकळी रेडिओ लहरींनी भरलेली दाखविली तेव्हा शंका मिटली. आपल्या आकाशगंगेएवढ्या १५ दीर्घिका तीत एका ओळीत मावतील. आपल्या आकाशगंगेतील कृष्णविवर ४० लाख सूर्यांच्या वजनाचे असूनही सध्या शांत आहे.

असे क्षीण संकेत टिपावयाचे तर परिसरात शांतता हवी, आणि तिची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. नियोजित पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मूळ मार्ग नारायणगाव परिसरातून, या दुर्बिणीजवळून जात होता. निरीक्षणांत व्यत्यय येईल ही हरकत रेल्वे मंत्रालयाने मान्य केली आणि मार्ग बदलण्याचे ठरविले. रेल्वेची वाट पाहणाऱ्या त्या भागात यावरून नाराजी उमटली. टोमॅटोची एवढी मोठी बाजारपेठ जेथे आहे, तेथील लोकांची ही नाराजी अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र दुर्बीण तेथे पाव शतकाहून अधिक काळ उभी आहे. नकाशावर पहिली रेघ ओढतानाच तिची चौकशी झाली असती, तर व्यापाऱ्यांची इतकी वर्षे आशेवर गेली नसती.