हिरवे तेवढे वन नव्हे

वनस्पतींचा विषय निघाला की तो विज्ञान शाखेचा, असे मानून आपण कला शाखेचे विद्यार्थी स्वस्थ बसतो. ही समजूत मला मान्य नाही. कोणत्या जमिनीला संपन्न म्हणावयाचे आणि कोणत्या जमिनीला पडीक, हा प्रश्न मुळात शब्दांचा व मूल्यांचा आहे; म्हणून तो आपलाही आहे. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील एस्वातिनी या चिमुकल्या देशाचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

या देशाचे पूर्वीचे नाव स्वाझीलंड. १९६८ साली तो ब्रिटिशांच्या अमलातून स्वतंत्र झाला आणि २०१८ मध्ये त्याने आपले आजचे नाव धारण केले. क्षेत्रफळ अवघे १७,३६४ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून किंचित मोठे. परंतु एवढ्याशा भूमीत वनस्पतींच्या सुमारे साडेतीन हजार जाती आढळतात. ज्या ब्रिटनने या देशावर राज्य केले, त्याच्या मूळच्या वनस्पतींची संख्या याच्या निम्मीही भरत नाही!

या संपन्नतेचे कारण भूमीच्या रचनेत आहे. पश्चिमेला १,८६२ मीटर उंचीचे एम्लेम्बे शिखर, तर पूर्वेकडे नदीचे पात्र समुद्रसपाटीपासून केवळ २१ मीटरवर उतरलेले. पश्चिमेच्या पठारावर धुक्यात भिजणारी गवताळ राने, त्यांच्या घळींतून दाट जंगल, खाली उष्ण सखल प्रदेशात काटेरी झुडपे आणि पूर्व सीमेवर लुबोम्बो डोंगराचे कडे. काही तासांच्या प्रवासात हवामान चार वेळा बदलते आणि त्याबरोबर झाडेझुडपेही बदलतात.

या संपत्तीची पद्धतशीर नोंद केली ती रॉबर्ट हॅरल्ड कॉम्प्टन या वनस्पतिशास्त्रज्ञाने. केपटाऊनजवळच्या कर्स्टनबॉश उद्यानाच्या संचालकपदावरून ते १९५३ साली निवृत्त झाले. लोक ज्या वयात आरामखुर्ची जवळ करतात, त्या वयात हे गृहस्थ स्वाझीलंडच्या डोंगरांत वनस्पती गोळा करीत हिंडू लागले. त्या देशाच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ते नव्वदीच्या घरात होते. एखाद्या देशावर प्रेम करणे म्हणजे काय, याचे हे एक उत्तर आहे: त्याच्यापाशी काय आहे, ते नीट मोजून ठेवणे.

पण मोजणारे हात थोडे आणि बदलणारे हात पुष्कळ. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पश्चिमेच्या उंच गवताळ प्रदेशात पाइन वृक्षांची प्रचंड लागवड झाली. उसुतूचे हे मानवनिर्मित 'वन' जगातील मोठ्या लागवडींत गणले जाई. त्यातला मुख्य वृक्ष मूळचा मेक्सिकोचा. नकाशावर पाहिले तर सारे हिरवेगार! परंतु एकाच जातीची झाडे एका रांगेत उभी केली की त्याला वन म्हणावयाचे काय? ज्या गवताळ रानाला रिकामी जमीन समजून ही लागवड झाली, ते रान रिकामे नव्हतेच. त्या गवतात कंदांची फुले होती, जमिनीवर वाढणारी ऑर्किड होती. वणवा येऊन गेला तरी जमिनीखालच्या कंदांतून पुन्हा फुटणारे ते जीवन होते. पाइनच्या सावलीत ते टिकत नाही, आणि एकदा गेले की सहजासहजी परतही येत नाही.

येथे कोणी म्हणेल, गरीब देशाने फुले पाहावीत की पोट भरावे? आक्षेप खोटा नाही. पाइनने आणि सखल भागातील उसाने हजारो लोकांना काम दिले, परकीय चलन दिले; दूर बसून त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. परंतु भुन्या येथील लगद्याचा कारखाना २०१० साली बंद पडला, ही गोष्टही विसरता येत नाही. एका जातीवर भिस्त ठेवली की त्या जातीवरील संकट सर्वांचे संकट होते.

स्वाझी समाजाने मात्र काही झाडे आपल्या चालीरीतींत गुंफून ठेवली आहेत. इन्क्वाला या राजोत्सवात अविवाहित तरुण लांबवर पायी जाऊन 'लुसेक्वाने' नावाच्या झुडपाच्या फांद्या तोडून आणतात. गंमत अशी, की हे झुडूप आपल्याकडच्या कोरड्या रानांतही आहे. संस्कृतात त्याला वीरतरु म्हणतात. तिकडे ते प्रत्येक तरुणाला ठाऊक, इकडे आपल्यापैकी किती जणांना ओळखता येईल? आंबा-काजूच्या कुळातला मारुला वृक्षही तिकडे असाच मानाचा. त्याच्या फळांपासून बायका पेय तयार करतात आणि त्याचा मोठा सण होतो. ज्या झाडाला लोकांच्या तोंडी नाव आहे, त्याच्यावर कुऱ्हाड उचलताना हात अडखळतो.

ज्यांना असे स्थान नाही, त्यांचे काय होते? लुबोम्बोच्या डोंगरात सायकसच्या नात्यातली एक वनस्पती होती. शास्त्रज्ञांनी २००१ साली तिला 'रेलिक्टस', म्हणजे 'मागे उरलेली' असे नाव दिले. रानात मात्र ती आता उरलेली नाही. तिचे नामकरण आणि तिचा मृत्युलेख जणू एकदमच लिहिला गेला.

आपला याच्याशी संबंध काय? संबंध आहे. आपल्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांना जो पुष्पगुच्छ देतो, त्यातल्या ग्लॅडिओलसचा एक मुख्य पूर्वज त्याच प्रदेशातील गवताळ रानांत वाढतो. आणि जी घाणेरी व रानमोडी आपल्या डोंगरांवर माजली आहे, तीच अमेरिकेहून आलेली झुडपे तिकडेही स्थानिक वनस्पतींचा गळा आवळीत आहेत. म्हणजे वैभवही सामाईक आणि संकटही सामाईक!

दरवर्षी वनमहोत्सवात आपण मोठ्या उत्साहाने खड्डे खणतो, रोपे लावतो, छायाचित्रे काढतो. हा उत्साह चांगलाच आहे. पण खड्डा खणण्यापूर्वी त्या माळावर आधी काय उगवते, हे कोणी विचारतो काय? माळाला 'उजाड' आणि गवताला 'तण' म्हणणारी भाषा आपलीच आहे, आणि भाषा सुधारण्याचे काम कला शाखेचे नाही तर कोणाचे? यंदा रोपे लावण्याआधी प्रत्येकाने त्या जागेवरच्या निदान दहा वनस्पतींची मराठी नावे गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणावीत. त्या यादीत जी जागा भरलेली दिसेल, ती तशीच राहू द्यावी. न खणलेला खड्डा हेही कधीकधी वनसंवर्धनच असते.