दोन फुटांचे जोते, चोवीस फुटांचा उतार

कायदा दिल्लीत होतो, पण त्याची कसोटी वस्तीतल्या पायरीवर लागते. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा याला अपवाद ठरलेला नाही. त्याने सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत शासकीय कार्यालयांबरोबर जनतेची ये-जा असलेल्या खासगी जागाही घेतल्या. दहा फुटी औषधाचे दुकान आणि एका खोलीतला दवाखाना असे दोन्ही तीत आले. जून २०१७ मध्ये नियम अधिसूचित झाले आणि जुन्या इमारतींना दिलेली पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्ये सरली. पायऱ्या बहुतेक ठिकाणी होत्या तशाच राहिल्या.

याला केवळ अनास्था म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. रायपूरच्या समता कॉलनीसारख्या वस्तीत एखाद्या दुकानाचे जोते रस्त्यापासून दोन फूट उंच असेल, तर एकास बारा या प्रमाणाने उताराची लांबी चोवीस फूट होते. दोन्ही टोकांची सपाट जागा वेगळीच. हा उतार आत घ्यावा तर दुकान उरत नाही. बाहेर घ्यावा तर तो नालीवर आणि रस्त्यावर येतो, आणि महापालिकेच्या लेखी अतिक्रमण ठरतो. मग चार फुटांत तीव्र उतार बांधून वेळ मारून नेली जाते. त्यावर दुचाकी चढते. चाकाची खुर्ची मात्र मागे उलटण्याची भीती असते. प्रसाधनगृहात खुर्ची वळण्यासाठी दीड मीटरचे वर्तुळ लागते. लहान दवाखान्यात ती जागा रुग्णांच्या बाकांतून काढावी लागते. भाडेकरूला तर मालकाच्या संमतीवाचून भिंतीला हात लावता येत नाही.

अडचण खरी आहे, पण ती कायमची सबब होऊ शकत नाही. १९९५ च्या कायद्यात ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी पळवाट होती आणि दोन दशके तिचा पुरेपूर वापर झाला. याच समता कॉलनीत महाराष्ट्र मंडळाचे दिव्यांग बालिका विकास गृह आहे. अशा संस्थेने आपल्या आवारात कितीही सोय केली, तरी फाटकाबाहेरचा रस्ता आणि समोरच्या दुकानाची पायरी तिच्या हाती नसते.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात नियम १५(१) बेकायदा ठरवला. बंधनकारक असायला हवे ते निव्वळ शिफारशीच्या रूपात आहे, हा त्यातला मुख्य दोष. तडजोड न करता येणारे किमान नियम केंद्राने तीन महिन्यांत वेगळे काढावेत, असा आदेशही दिला. लहान जागांचे हित याच भेदात आहे. मोठ्या इमारतीचा तक्ता दहा फुटी दुकानाला लावला, तर तपासणीपुरता उतार मिळेल, प्रवेश मिळणार नाही. हलवता येणारा उतार, भक्कम कठडा, दारापाशी हाताला येणारी घंटा आणि दारातच सेवा हे किमान मात्र प्रत्येकाकडून घेता येते.

उरलेला भार सार्वजनिक बाजूने उचलला पाहिजे. जुना थर न खरवडता डांबरीकरण झाले की रस्ता वर येतो. पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून मालक जोते उंचावतो. हे दोन फूट एकट्या दुकानदाराने निर्माण केलेले नाहीत. रस्त्याची पातळी, नालीवरची झाकणे आणि सलग पदपथ ही महापालिकेची कामे आहेत. ती झाली तर चोवीस फुटांचा उतार सहा फुटांवर येऊ शकतो. नव्या बांधकामाला मात्र सवलत नको. नियम पाळल्याशिवाय नकाशा मंजूर करू नये, असे कायदाच सांगतो.

पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाची पावती फाडणे सोपे आहे. रस्ता खरवडणे खर्चाचे आहे. प्रशासनाने अवघड काम आधी केले, तरच दुकानदाराकडे सोप्या कामाचा हिशेब मागण्याचा नैतिक अधिकार त्याला राहील.