डूलाली आणि आमचा बोंडू

मागच्या शुक्रवारी रिलीज एकदाचं बाहेर पडलं आणि टीममधली सगळी मंडळी मुंबईत डूलालीला गेलो. समोर सफरचंदाची सायडर आली. पहिला घोट घेतला आणि मला एकदम मालवणची आमची काजूची बाग आठवली! एप्रिल-मेमध्ये तिथे झाडाखाली बोंडवांचा नुसता खच पडलेला असतो. बी पिरगळून घ्यायची, बोंडू फेकायचा. दुपारपर्यंत आंबूस वास आणि माश्या...

डूलालीची गोष्ट मला आवडते. नाव आपल्या देवळालीचं. तिथल्या छावणीत बोटीची वाट बघून बघून गोरे सोजीर वेडेपिसे व्हायचे, म्हणून इंग्रजीत वेड्याला 'डूलाली' म्हणायला लागले. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाऊफ या जर्मन ब्रूमास्टरला घेऊन २००९ मध्ये पुण्यात ही मायक्रोब्रूअरी काढली. त्याआधी परवान्यामागे काही वर्षं गेली. कायदा सगळा मोठ्या कारखान्यांच्या मापाचा, तिथेच बनवून तिथेच विकायची बिअर म्हणजे नक्की काय, हे सरकारला पटवण्यातच अर्धा जीव जात असणार. पण वाट एकदा पडली आणि मागून कितीतरी जण आले. २०१५ मध्ये ते स्वतः मुंबईत आले.

तर माझा मुद्दा असा, की सफरचंद ना पुण्यात पिकतं ना अंधेरीत. त्याची सायडर मिळते. नाशिकच्या द्राक्षांसाठी २००१ मध्ये राज्यानं खास वाइन धोरण आणलं. मग बोंडवानं काय घोडं मारलंय?

बोंडू बीच्या पाच ते दहा पट जड असतो. म्हणजे पिकाचा मोठा भाग आपण कुजवतो. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा उत्तम जाती दिल्या, पण भाव ठरतो बीवर. पलीकडे गोव्यात त्याच फळाचा रस आंबवून आधी उर्राक, मग फेणी. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. (हो, डूलालीचंच साल.) दोडामार्ग-सावंतवाडीकडचे बोंडू टेम्पोत बसून तिकडे जातात. आणि तारकर्लीला स्कूबा करायला आलेला पुणेकर घरी जाताना गोव्याची बाटली नेतो. परमिट काढलेलं असतं का, ते मात्र विचारू नका :)

२०२२ मध्ये मंत्रिमंडळानं काजूबोंडू आणि मोहाच्या दारूला 'देशी'तून काढून 'विदेशी मद्य' म्हणायचं ठरवलं. आदिवासी पाड्यावरचा मोह विदेशी! असो. हेतू चांगला होता, देशीचा शिक्का गेला की भाव येईल. पण नुसता वर्ग बदलून भागत नाही. उतरवलेला बोंडू एका दिवसात खराब होतो. त्याला लांबचा मोठा कारखाना उपयोगाचा नाही, वाडीजवळचा छोटा घाणा हवा. म्हणजे मायक्रोब्रूअरीला दिला तसा छोटा परवाना हवा, ज्याची फी पाच-सहा बागायतदार मिळून भरू शकतील. नाव आपलं शोधावं लागेल, फेणी गोव्याचीच.

आता 'दारूनं घरं बुडतात' हा आक्षेप. खरा आहे, आमच्या वाडीतही बुडालीत. पण ती बुडाली चोरून गाळलेल्या गावठीवर, जिच्यात काय घातलंय ते कोणी तपासत नाही. परवाना असला की निदान तपासणी होते, आणि दोन पैसे बागेत राहतात.

हे सगळं मी रविवारी आईला फोनवर सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मुंबयक जावन ह्याच शिकलंस?" मग थोडं थांबून विचारलंन, "आणि बोंडवांका किलोक किती देतले?"